रेडिओचा काय दोष?

दिवाळी आली की पोरांच्या हातांना काहीतरी बांधायची खाज सुटते, हा निसर्गनियमच म्हणायला हवा. आमच्या पिढीने अंगणात मातीचे किल्ले बांधले, अळीव पेरून हिरवळ उगवली, बुरुजावर मावळे उभे केले. आता बदलापुरात अंगणे फारशी उरली नाहीत. जी माती उरली तिच्यावर मोटारी उभ्या असतात. जमीन मिळेना म्हणून ह्या पिढीने आकाशाकडे नजर लावली, तर तिला दोष कसा द्यावा?

आमच्या शेजारच्या मुलाने विमान बांधले. दुकानातले चावीचे नव्हे; हातात रेडिओचा ट्रान्समीटर धरून दोनशे पावलांवरून हाकायचे, खरोखरीचे उडणारे विमान. मुलगा अकरावीत. २०१९ च्या जुलैत बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, सुमारे हजार प्रवासी डब्यांतून बसून राहिले आणि मदतीला बोटी व नौदलाची हेलिकॉप्टरे आली, हे वाचकांना आठवत असेल. तेव्हा हा पोर नऊ-दहा वर्षांचा होता. गच्चीवर भिजत उभा राहून त्याने ती हेलिकॉप्टरे पाहिली, आणि तेव्हापासून त्याचे डोके जे वर झाले ते आजतागायत खाली आलेले नाही.

विमानाचा सांगाडा त्याने सनबोर्डाचा केला. सनबोर्ड कोठून आणला म्हणाल, तर आमच्या शहरात त्याचा तुटवडा कधीच नसतो. रोज कोणाचा तरी वाढदिवस असतो आणि रोज कोणीतरी त्याला चौकात शुभेच्छा देत असतो. शुभेच्छांची मुदत संपली की बोर्ड भंगारात जातो. त्यामुळे आमच्या शेजाऱ्याच्या विमानाच्या डाव्या पंखावर एका भावी नगरसेवकाची अर्धी मिशी आहे. मोटर, चार सर्व्हो, बॅटरी, रिसिव्हर आणि ट्रान्समीटर ही सामग्री मात्र विकत घ्यावी लागली. दोन वर्षांची भाऊबीज आणि वाढदिवसाची पाकिटे त्यात गेली. खरेदी झाली उल्हासनगरात.

विमान उडाले. पहिले चार रविवार छान उडाले. मग ते पडू लागले. एकदा पडले, दुसऱ्यांदा पडले. फेब्रुवारीत तिसऱ्यांदा पडले ते बारवीकडच्या रस्त्याला लागून असलेल्या कापणी झालेल्या भातशेतात, गवताचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून चाललेल्या एका बाईंपासून चार हातांवर. मोटर बंद पडलेली असली तरी किलोभर वजनाची वस्तू ताशी छत्तीस किलोमीटरच्या वेगाने येते तेव्हा तिच्यावर मिशी आहे की नाही हे कोणी पाहत बसत नाही. बाई घाबरून खाली बसल्या. भारा सुटला. सुदैवाने इजा झाली नाही.

मुलाचे वडील अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतात. तीस वर्षे त्या यंत्रासमोर उभे राहिलेला माणूस, बोलणे मोजके. त्या रविवारी त्यांनी विमान उचलले आणि माळ्यावर टाकले.

"खेळ झाला," ते म्हणाले. "माणूस मेला असता."

ह्यावर मुलाला उत्तर नव्हते, कोणालाच नसते. परंतु रात्री तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, माझी चूक नाही. सिग्नल जातो. दुकानदाराने रिसिव्हर खराब दिला."

वडिलांचे मतही ह्या एका बाबतीत मुलाशी जुळले. उल्हासनगरचा माल, दुसरे काय होणार! आमच्या भागात ही थट्टा फार जुनी आहे. वस्तूवर 'मेड इन यू.एस.ए.' लिहिले असेल तर त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा करायचा, हे इकडच्या पोराटोरांनाही ठाऊक असते. थट्टेला मी हसतो; पण थट्टेने निकाल लावायला माझी तयारी नसते. हे गाव कसे वसले ते पाहावे. महायुद्धात येथे कल्याणची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व सोडून आलेल्या हजारो कुटुंबांना त्या रिकाम्या बराकींत आणून ठेवले गेले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तिथे पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. ज्यांनी बराकीत दुकान मांडून सुरुवात केली त्यांना मोडलेली वस्तू पुन्हा चालती करणे ही चैन नव्हती, पोटाची विद्या होती.

वडिलांनी ठरवले की पुढच्या सुट्टीला दुकानात जायचे, रिसिव्हर काउंटरवर आपटायचा आणि पैसे परत मागायचे. मला म्हणाले, "सर, तुम्ही चला. तुम्हाला बोलता येतं."

मराठीच्या प्राध्यापकाला जगात जे थोडे मान मिळतात त्यांपैकी हा एक. मी हो म्हणालो. पण मुलाला एक अट घातली. तीन अपघातांचा वृत्तान्त लिहून आण. काय झाले ते क्रमाने लिही. 'का' झाले ते लिहू नकोस.

दुसऱ्या दिवशी त्याने वही आणली. पहिलेच वाक्य: 'सिग्नल गेल्यामुळे विमान पडले.' मी त्यावर आडवी रेघ मारली. सिग्नल गेलेला तू पाहिलास का? सिग्नल काळा असतो की गोरा? तू पाहिलेस ते लिही. परीक्षेत मुले कवितेचे रसग्रहण करताना हेच करतात. ओळीत काय आहे ते सांगण्याआधी कवीच्या मनात काय होते ते सांगून मोकळी होतात. मुलगा जरा चिडला, पण पुन्हा लिहून आला. तो वृत्तान्त असा होता:

'पहिल्यांदा: सहा-सात मिनिटे उडवले. उतरवायला आणले. जमिनीजवळ काडी मागे ओढली. विमानाने नाक उचलले नाही. पडले.

'दुसऱ्यांदा: सात मिनिटे झाली होती. डोक्यावरून खालून नेले. वर ओढले. वर गेले नाही. मोटर बंद झाली. पडले.

'तिसऱ्यांदा: उतरवत होतो. बाई दिसल्या. पूर्ण वर ओढले. मोटर बंद झाली. पडले.'

वाचकहो, विमानातले तुम्हाला काही कळत नसेल, मलाही फारसे कळत नव्हते. परंतु तीन परिच्छेदांत एकच क्रियापद तीनदा आले की भाषेच्या माणसाचा हात तिथे थांबतो. 'वर ओढले.' आणि प्रत्येक वेळी सहा-सात मिनिटांनंतर. सिग्नल जर जायचाच असेल, तर तो घड्याळ पाहून आणि काडी मागे ओढण्याची वाट पाहून का जाईल? दूर असताना का जात नाही? तिन्ही वेळा विमान जवळ होते.

आता ह्या रेडिओचा स्वभाव थोडक्यात सांगतो, कारण घरोघरी अशी खेळणी येऊ लागली आहेत आणि बिघडली की बिचाऱ्या रेडिओवर खापर फुटते.

तारेवाचून दूरची वस्तू हलवण्याचा खटाटोप आपल्याच देशात फार लवकर झालेला आहे. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात विद्युत्-लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली. १८९८ मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या टाकीत एक छोटी बोट लांबून हाकली, तेव्हा बघ्यांना ती जादू वाटली. विमानाची पाळी बरीच नंतर आली. अमेरिकेतल्या कॅलमझू गावच्या वॉल्टर व विल्यम गुड ह्या भावांनी १९३७ मध्ये रेडिओवर चालणारे लहान विमान उडवले; ते आज तिथल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

त्यानंतर कित्येक वर्षे ह्या छंदात एक मोठी पंचाईत असे. प्रत्येकाच्या ट्रान्समीटरमध्ये एक स्फटिक, म्हणजे क्रिस्टल, असे आणि त्यावरून लहरीची पट्टी ठरे. मैदानावर दोघांची पट्टी एक निघाली की एकाच्या काडीने दुसऱ्याचे विमान वळे आणि मग दोघांची भांडणे जमिनीवर होत. आताचे संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि एका पट्टीवर बसून राहत नाहीत. अनेक संच सेकंदाला कित्येकदा ठरलेल्या क्रमाने उड्या मारत राहतात. तो क्रम फक्त त्या ट्रान्समीटरला आणि त्याच्याशी 'बांधलेल्या' रिसिव्हरला ठाऊक असतो. ह्या उड्यांच्या कल्पनेचे एक पेटंट १९४२ साली हॉलिवुडची नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल ह्यांना मिळाले होते. त्यात पियानोच्या पट्ट्यांइतक्या म्हणजे ८८ जागा धरल्या होत्या. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झची ही पट्टी कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाली.

म्हणजे शेजारच्याच्या वाय-फायने किंवा रेल्वेच्या तारांनी आमचे विमान पाडले, हा जो तर्क गच्चीवर सर्वानुमते मान्य झाला होता, तो तितकासा भक्कम नव्हता. रेडिओ अगदी निर्दोष असतो असे नाही. ह्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. रिसिव्हरच्या अँटेनाचे उघडे टोक त्याच्या चौथाईचे, म्हणजे एकतीस मिलिमीटर. ते टोक कापले, चुरगाळले, बॅटरीखाली दाबले किंवा कार्बनच्या दांडीला चिकटवले तर ऐकू येणे कमी होते. दोन अँटेना असतील तर एक आडवी, एक उभी ठेवावी, म्हणजे विमान कसेही वळले तरी एकीला तरी ऐकू येते. आणि ट्रान्समीटरच्या अँटेनाचे टोक विमानाकडे रोखू नये. टोकाच्या दिशेला तिचा आवाज सर्वांत क्षीण असतो. मुलाने हे सगळे नीट केले होते. ट्रान्समीटर मंद शक्तीवर ठेवून तीस पावलांवरून पल्लाही तपासला होता.

रिसिव्हरचे काम एवढेच, की ऐकलेला हुकूम सर्व्होला सांगायचा. सर्व्हो म्हणजे काड्यापेटीएवढी मोटर. ती शेपटीची किंवा पंखाची पट्टी हलवते. तिला सेकंदाला पन्नास वेळा एक ठोका मिळतो. ठोका दीड हजारांश सेकंदाचा असेल तर मध्यावर राहायचे, एक हजारांशाचा असेल तर एका टोकाला, दोनचा असेल तर दुसऱ्या टोकाला. ऱ्हस्व आणि दीर्घ, ह्यापलीकडे सर्व्होला व्याकरण येत नाही. माझ्या काही विद्यार्थ्यांना तेवढेही येत नाही, पण तो विषय वेगळा.

असो. सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघे निघालो. मी एवढाच आग्रह धरला की नुसता रिसिव्हर नको, सबंध विमान घेऊ. डॉक्टरकडे कान दुखतो म्हणून कोणी नुसता कान पाठवत नाही. पंख सोडवून चादरीत बांधले आणि बदलापूरहून विमान लोकलने निघाले. "काय हो, वर जागा नाही का?" असे एका गृहस्थांनी विचारले, आणि अंबरनाथपर्यंत डबा त्यावर हसत होता.

ह्या मुलुखाला विमान तसे नवे नाही. नेवाळीला महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी धावपट्टी बांधली. तिच्या जमिनीचे दुःख शेतकऱ्यांच्या मनातून गेले नाही आणि २०१७ च्या जूनमध्ये त्यावरून मोठे आंदोलन पेटले. आकाशात मौज करणाऱ्याने खाली कोणाची जमीन आहे हे विसरू नये, असे मी मुलाला गाडीत सांगत होतो. वडील खिडकीबाहेर पाहत होते. ते मनात बहुधा दुकानदाराशी बोलत होते.

दुकानदार साठी उलटलेले सिंधी गृहस्थ. दुकान म्हणजे सहा फुटांची बोळकांडी. वडिलांनी तक्रार सांगितली. आवाज चढला होता. गृहस्थांनी ती पूर्ण ऐकून घेतली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "साईं, रिसिव्हर खराब निघाला तर नवा देतो, पैसे नको. पण आधी बघू तर द्या. बेटा, पंखा काढ."

पंखा म्हणजे विमानाचा प्रोपेलर. ही गोष्ट प्रत्येक पालकाने लिहून ठेवावी. घरात किंवा दुकानात विमान तपासताना प्रोपेलर आधी काढायचा. ती मोटर बोट ओळखत नाही.

मग त्यांनी रिसिव्हरच्या रिकाम्या खाचेत मीटरच्या तारा अडकवल्या. पाच व्होल्ट. काडी हलवली, चारही पट्ट्या हलल्या. पाच व्होल्ट. वडील म्हणाले, "घरी पण असंच चालतं. पडतं ते तिकडे."

मुलाने वही पुढे केली. गृहस्थांना मराठी वाचता येत होते. त्यांनी ती तीन टिपणे दोनदा वाचली आणि मुलाकडे पाहिले. "सात मिनिटं," ते म्हणाले. "आणि वर ओढल्यावर. चल, वर ओढ. सोडू नको. तसाच धर."

मुलाने काडी मागे ओढून धरली. शेपटीची पट्टी वर गेली आणि सर्व्होतून बारीक गुणगुण ऐकू येऊ लागली. पट्टी जागच्या जागी थरथरत होती. एक मिनिट. दोन मिनिटे. गृहस्थांनी वडिलांचा हात धरला आणि विमानाच्या पोटातल्या एका लहानशा पट्टीला लावला. वडिलांनी झटकन बोट काढले. चटका बसला होता. चौथ्या मिनिटाला मीटरवरचा आकडा पाचाखाली घसरला, मग एकदम तीनवर आला, आणि रिसिव्हरचा लाल दिवा विझला. सगळ्या पट्ट्या निपचित पडल्या. दोन सेकंदांनी दिवा पुन्हा लुकलुकला.

"हा तुमचा सिग्नल," गृहस्थ म्हणाले.

झाले होते ते असे. विमानाची बॅटरी तीन घरांची, अकरा व्होल्टची. रिसिव्हर आणि सर्व्होंना पाच व्होल्ट लागतात. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या पट्टीतच एक छोटी सोय असते, ती अकराचे पाच करून देते. स्वस्त पट्टीत ही सोय जास्तीचे व्होल्ट उष्णतेत घालवते. वेष्टनावर दोन अँपिअर लिहिलेले असते, पण तो आकडा दोन घरांच्या लहान बॅटरीसाठी धरावा. तीन घरे लावली की तापणे वाढते आणि ताकद घटते. सर्व्हो मोकळा हलत असेल तर फार थोडी वीज खातो. अडला, की एकटा अर्धा-पाऊण अँपिअर ओढतो. सहा-सात मिनिटांच्या उड्डाणात पट्टी मुळात तापलेली. त्यात उतरताना काडी पूर्ण मागे. सर्व्हो अडतो, पट्टी दम सोडते, व्होल्ट पडतात, रिसिव्हर बेशुद्ध होतो. शुद्धीवर यायला दोन सेकंद. सेकंदाला दहा मीटर जाणारे विमान तेवढ्यात वीस मीटर जाते, आणि जमीन तर पाच मीटरवर असते. सिग्नल गेला तर मोटर आपोआप बंद व्हावी अशी तजवीज रिसिव्हरमध्ये करून ठेवता येते आणि ती अवश्य करावी. पण रिसिव्हरच बेशुद्ध पडला तर त्याला कोण विचारणार?

पल्ला तपासताना हे का कळले नाही? तेव्हा पट्टी गार होती आणि काडी कोणी टोकापर्यंत धरून ठेवली नव्हती. परीक्षा घेतली, पण जो प्रश्न विचारायला हवा होता तोच विचारला नाही.

"मग सर्व्हो अडतो कशाने?" मी विचारले.

गृहस्थांनी नवा सर्व्हो काढायला कपाटाकडे हात नेला. इतक्यात आतापर्यंत गप्प असलेले मुलाचे वडील पुढे झाले. त्यांनी सर्व्होपासून शेपटीपर्यंत जाणारी तार सर्व्होकडून सोडवली, दोन बोटांत धरली आणि डोळे मिटून हळूहळू पुढेमागे सरकवली. सायकलच्या स्पोकची ती तार प्लॅस्टिकच्या नळीतून जात होती. तीस वर्षे लोखंडावर बोट फिरवणाऱ्या माणसाची बोटे होती ती.

"इथं घासतंय," ते म्हणाले. "शेवटच्या दोन सूत रस्त्यात. नळी वाकडी बसलीय आणि आत डिंकाचा थेंब गेलाय." मग मुलाकडे वळून, "पाचव्या रविवारी नळी बदललीस ना?"

मुलाने मान हलवली. पहिले चार रविवार विमान का पडले नाही, ह्याचा उलगडा तिथे झाला.

सर्व्हो नवा, रिसिव्हर नवा, ट्रान्समीटर ठीक. दोष नळीतल्या वाळलेल्या थेंबाचा. मी पाहत होतो की वडिलांचा आवाज उतरला आहे. ते दुकानदाराला म्हणाले, "शेट, मी बोललो ते जास्त झालं." गृहस्थ म्हणाले, "अरे, मुलगा पडतो तेव्हा बापाचा आवाज चढतोच. चाय पिणार?"

चहा पिताना गृहस्थांनी मुलाला जे सांगितले ते मला माझ्या वर्गात सांगण्यासारखे वाटले. तीन अँपिअरची वेगळी, न तापणारी सोय त्यांनी त्याला दाखवली, किंमतही किरकोळ होती. पण लगेच लावू नकोस म्हणाले. "आधी फक्त नळी सरळ कर. मग तपास. दिवा विझला नाही, तर कारण ते होतं हे कळलं. नंतर ही लाव. दोन्ही एकदम केलंस तर विमान चालेल, पण तुला काही कळणार नाही." एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वैद्य, वकील आणि सासवा ह्यांनी हे तत्त्व पाळले तर संसारातले कितीतरी गोंधळ टळतील.

त्या रात्री शेजारच्या घरात माळ्यावरची हत्यारांची पेटी खाली आली. नळी सरळ बसवणे, तारेची कड कानशीने काढणे, हे काम बाप-लेकांनी मिळून केले. आमच्या सौ. भाजीची वाटी द्यायला गेल्या तेव्हा त्यांना कोणी दार उघडायलाही उठले नाही. मग दुकानातलीच परीक्षा पुन्हा घेतली गेली. काडी मागे, घड्याळ समोर, दहा मिनिटे. दिवा विझला नाही.

दिवाळीत ज्यांच्या घरी असे विमान येणार असेल त्यांच्यासाठी एवढा क्रम लिहून ठेवतो. उडवण्याआधी ट्रान्समीटर पहिला चालू, विमान नंतर. उतरल्यावर विमान पहिले बंद, ट्रान्समीटर नंतर. विमानाच्या मागे उभे राहून काडी उजवीकडे न्या. उजव्या पंखाची पट्टी वर गेली पाहिजे. काडी मागे ओढा. शेपटीची पट्टी वर गेली पाहिजे. दुरुस्तीनंतर तारा उलट जोडल्या जातात आणि मग रेडिओ 'उलटा वागतो' असे लोक म्हणतात. पंखाच्या रुंदीच्या पुढून चौथाई ते तिहाई ह्या पट्ट्यात बोटांवर विमान तोलून पाहा; शेपूट जड असेल तर ते डोलते, आणि तेव्हाही शिव्या रेडिओलाच बसतात. पावसाळाभर ठेवलेल्या संचाचे सांधे आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत काळे पडतात; ते आधी पुसा. एवढे सगळे झाल्यावर मगच रेडिओवर संशय घ्या.

कायद्याचेही दोन शब्द. २०२१ च्या ड्रोन नियमांत अशी विमाने धरलेली आहेत. दोन किलोपर्यंतचे विमान हौसेखातर उडवणाऱ्याला वैमानिकाचा परवाना लागत नाही. पण आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग केलेले आहेत आणि त्यांचा नकाशा सरकारच्या डिजिटल स्काय ह्या व्यवस्थेवर पाहता येतो. तो पाहूनच मैदान निवडावे. अंबरनाथसारख्या, संरक्षण खात्याचा कारखाना असलेल्या गावात तर हे विशेषच. ज्या मुलांना शिस्तीत शिकायचे आहे त्यांच्यासाठी राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात लहान विमाने बांधण्याचे व उडवण्याचे शिक्षण दिले जाते. जवळच्या कॉलेजात तो विभाग आहे का, याची चौकशी जरूर करावी.

पुढच्या रविवारी विमान पुन्हा शेतावर गेले. पण उडण्याआधी वडिलांनी एक काम करून घेतले. त्या बाईंचे घर त्यांनी शोधून काढले होते. मुलाला घेऊन ते दारात उभे राहिले, तो त्यांच्या पाया पडला, आणि येथून पुढे कुठल्या वेळी बांधावरून जाणे-येणे असते ते त्याने विचारून घेतले. बाई म्हणाल्या, "नऊच्या आत उडव बाबा तुझं काय ते. नवानंतर आम्ही गवताला येतो." तेव्हापासून नऊला उड्डाण बंद. शिवाय बांधाच्या तोंडाशी कोणीतरी एकजण उभा राहतो आणि माणूस दिसले की हात वर करतो. बहुतेक वेळा ते वडीलच असतात.

मुलाने वहीत त्या दिवशीचे टिपण लिहिले आणि सवयीने माझ्याकडे तपासायला आणले. 'सकाळी साडेसात. सात मिनिटे उडवले. उतरवताना वर ओढले. नाक वर आले. उतरले. बाबा बांधावर होते.'

कारणमीमांसा नाही, विशेषण नाही, काय घडले ते क्रमाने. मी दहापैकी दहा गुण दिले. गेल्या वीस वर्षांत कोणाला दिल्याचे आठवत नाही.